परदेशातलं युद्ध आणि मुंबईतली निदर्शनं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुठे बॉम्ब पडायला लागले की आमच्या फोनवर दोन तऱ्हेचे मेसेज येतात. पहिला, ‘आपण काहीतरी करायला हवं.’ दुसरा, ‘पण पोलीस उचलतील का?’ पहिल्याचं उत्तर ज्याचं त्याने शोधावं. दुसऱ्यातून निघणारे प्रश्न गेली काही वर्षं तेच ते येत आहेत, म्हणून इथे एकत्र केले. उत्तरं लिहिणारे आम्ही वकील नाही. अर्ज लिहून लिहून आणि पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून जे कळलं ते सांगतोय. तुमच्यावर गुन्हा दाखल झाला असेल तर आधी वकील गाठा, हे पान नंतर वाचा.

१. एका देशाने दुसऱ्यावर हल्ला केला, त्याविरुद्ध मुंबईत निदर्शनं करणं मुळात कायदेशीर आहे का?

हो. संविधानाच्या कलम १९ ने नागरिकांना बोलण्याचं आणि शांततेने, शस्त्राशिवाय जमण्याचं स्वातंत्र्य दिलंय. विषय देशातलाच हवा अशी अट त्यात कुठेही नाही. १९७२ साली हिंमतलाल शहा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की रस्त्यावरच्या सभांचं नियमन पोलीस करू शकतात, मात्र त्या नावाखाली सभा घेण्याचा हक्कच संपवता येत नाही. सगळी भानगड त्या ‘नियमन’ शब्दात आहे. पुढचे बहुतेक प्रश्न त्यातूनच आलेत.

२. लढाई तिकडे चाललीय, बोंब इथे कशाला? आपले खड्डे काय कमी आहेत?

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न. बहुधा काकांच्या ग्रुपवरून.

मुंबईचा आणि परदेशी लढायांचा संबंध जुना आहे. १८ फेब्रुवारी १९४६ ला कुलाब्याच्या ‘तलवार’ या नौदल केंद्रावर खलाशांनी संप केला. सुरुवात निकृष्ट जेवणावरून झाली. पण मागण्यांची यादी झाली तेव्हा त्यात आझाद हिंद सेनेच्या कैद्यांच्या सुटकेबरोबर आणखी एक मागणी होती: इंडोनेशियातून भारतीय सैन्य परत बोलवा. डच राज्य पुन्हा बसवायला इंग्रज आपल्या जवानांना तिथे वापरत होते. २२ तारखेला खलाशांच्या पाठिंब्यासाठी गिरणी कामगार रस्त्यावर उतरले. त्या दिवसांतल्या गोळीबारात शहरात दोनशेहून जास्त माणसं मेली. कुलाब्यात या उठावाचं स्मारक आहे, त्याच्यासमोरून रोज हजारो लोक जातात.

त्यानंतरचं उदाहरण १९९० चं. इराकने कुवेत घेतलं तेव्हा सुमारे १,७०,००० भारतीयांना एअर इंडियाने ४८८ फेऱ्या करून अम्मानहून मुंबईत आणलं. सहार विमानतळाच्या बाहेर एका बॅगेनिशी उभी असलेली ती माणसं पाहिलेल्यांना ‘आपला काय संबंध’ हा प्रश्न पडत नाही. आखातातून येणारी मनीऑर्डर, जहाजावर असलेला मुलगा, पेट्रोलचा भाव यांतलं काहीतरी इथल्या बहुतेक घरांत पोचतंच.

आणि खड्डे. खड्ड्यांसाठीही या. आम्ही तिथेही असतो.

३. पण त्याने फरक पडतो का?

ज्याने बॉम्ब टाकला त्याला आझाद मैदान माहीतही नसतं. फरक पडलाच तर आपल्या सरकारवर पडतो. १९९१ च्या जानेवारीत आखाती युद्ध चालू असताना चंद्रशेखर सरकारने अमेरिकी लष्करी विमानांना मुंबईसह काही विमानतळांवर इंधन भरू दिलं होतं. बातमी फुटली, विरोध वाढला, सरकारला बाहेरून पाठिंबा देणाऱ्या काँग्रेसने त्या पाठिंब्याचा प्रश्न केला आणि फेब्रुवारीत ती सवलत बंद झाली. २००३ मध्ये इराक युद्धावर लोकसभेने एकमताने ठराव केला. हिंदी मसुद्यात ‘निंदा’ हा शब्द ठेवला, इंग्रजी मसुद्यात त्याहून मवाळ. त्याच वर्षी जुलैमध्ये वाजपेयी सरकारने इराकमध्ये सैन्य पाठवायला नकार दिला. हे निव्वळ मोर्च्यांमुळे घडलं असं आम्ही म्हणणार नाही. मोर्चे नसते तर निर्णय घेणं तेवढं सोपं गेलं नसतं, एवढं मात्र म्हणू.

४. सगळं आझाद मैदानातच का ढकलतात?

दक्षिण मुंबईतले मोर्चे रस्ते अडवतात अशा तक्रारी उच्च न्यायालयात गेल्या आणि १९९७ पासून आंदोलनं आझाद मैदानाच्या ठरलेल्या भागात आणली गेली. २०२५ मध्ये त्यासाठी खास नियम आले. थोडक्यात: परवानगी एका दिवसाची, वेळ सकाळी ९ ते संध्याकाळी ६, शनिवार-रविवार आणि सरकारी सुट्टीला नाही, संख्या जास्तीत जास्त ५,०००. त्याच वर्षी ऑगस्टच्या शेवटी मराठा आरक्षणाच्या आंदोलनात या नियमांचा कस लागला, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंच.

शनिवार-रविवार नाही हे नोकरदारांना अवघड जातं. कोणी अर्धी रजा टाकतं, कोणी जेवणाच्या सुट्टीत सीएसएमटीवरून चालत येतं. शिवाजी पार्क सुचवणाऱ्यांसाठी: ते २०१० पासून शांतता क्षेत्र आहे, तिथे माइकची आशा धरू नका.

५. अर्ज कुठे आणि कसा करायचा?

आझाद मैदानासाठी आझाद मैदान पोलीस ठाण्यात. दुसरीकडे करायचं असेल तर त्या हद्दीच्या ठाण्यात वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावे, आणि रस्त्यावर येणार असाल तर वाहतूक शाखेला वेगळी प्रत. अर्जात संघटनेचं नाव, जबाबदार माणसाचा पत्ता आणि फोन, विषय, दिवस, वेळ, अंदाजे संख्या, माइक आहे की नाही. विषय एका ओळीत लिहा. तीन पानी जागतिक राजकारण जोडलंत तर ते वाचलं जाणार नाही, आणि वाचलं गेलं तर आणखी वाईट.

आता सगळ्यात महत्त्वाचं. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच म्हणजे गोल शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि सही, चारही. ‘ठेवून जा, साहेब आले की बघतील’ ही पोच नव्हे. एका ठाण्यात आम्ही तीन दिवस खेपा घातल्या. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्तात होते, दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये, तिसऱ्या दिवशी शिक्का सापडत नव्हता. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी नऊला फोन आला, ‘परवानगी नाही.’ हातात एक कागद नव्हता, त्यामुळे कोर्टात जायलाही काही नव्हतं. आता शिक्का सापडेपर्यंत आम्ही तिथेच बसतो. डबा घेऊनच जातो.

पोच मिळालीच नाही तर त्याच दिवशी स्पीडपोस्ट आणि ईमेल करा, पावती जपा.

६. आम्ही फक्त सहा जण आहोत. फलक घेऊन गप्प उभं राहायलाही परवानगी लागते?

बऱ्याचदा लागते. मुंबई पोलीस महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७(३) खाली जमावबंदीचे आदेश काढतात, त्यात पाच किंवा जास्त माणसांनी जमायला मनाई असते. असा आदेश राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय १५ दिवसांपेक्षा जास्त चालू राहू शकत नाही. म्हणून होतं काय, तर १५ दिवसांनी नवा निघतो. लग्न, अंत्ययात्रा, सिनेमागृह, ऑफिस यांना त्यातून सूट असते, म्हणून तो चालू आहे हे शहराला कळतही नाही. निघण्यापूर्वी त्या आठवड्याचा आदेश वाचा.

‘मग आम्ही चारच उभे राहतो’ असं सुचवणारे खूप असतात. चालतं, पण चारांचे आठ व्हायला वेळ लागत नाही. मुंबईत कोणी फलक घेऊन उभं राहिलं की बघे जमतातच.

७. ‘हे सरकारच्या परराष्ट्र धोरणाविरुद्ध आहे’ म्हणून परवानगी नाकारली. असं करता येतं?

याचं उत्तर जरा लांब आहे, पण हे समजून घ्या.

बोलण्याच्या स्वातंत्र्यावर कोणत्या कारणांसाठी कायद्याने वाजवी बंधनं घालता येतात, त्यांची यादी कलम १९(२) मध्ये आहे. ‘परकीय राष्ट्रांशी मैत्रीचे संबंध’ हे कारण १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने तिथे आलं. जमण्याच्या स्वातंत्र्यासाठीची यादी वेगळी आहे, कलम १९(३). तिथे दोनच कारणं आहेत, देशाची सार्वभौमता व एकात्मता आणि सार्वजनिक सुव्यवस्था. मैत्रीचे संबंध त्यात नाहीत. म्हणजे माइकवर तुम्ही काय बोललात यावर तो मुद्दा निघू शकतो, पण त्यासाठीही आधी कायदा हवा आणि बंधन वाजवी हवं. संसदेत विरोधी पक्ष ज्या धोरणावर रोज टीका करतो, त्यावर मैदानात टीका केली म्हणून सुव्यवस्था बिघडते असं आपोआप ठरत नाही.

प्रत्यक्षात काय घडलं तेही सांगतो. २०२५ च्या जूनमध्ये गाझाच्या विषयावर आझाद मैदानाची परवानगी पोलिसांनी नाकारली. माकप उच्च न्यायालयात गेला. २५ जुलैला खंडपीठाने याचिका फेटाळली. मूळ अर्ज पक्षाचा नव्हता हे एक कारण होतं. शिवाय आपल्या देशात कचरा, प्रदूषण, पूर हे प्रश्न असताना तिकडचं काय पाहता, अशा अर्थाची टिप्पणीही झाली, त्यावर भरपूर गदारोळ झाला. ऑगस्टमध्ये नव्याने अर्ज केल्यावर परवानगी मिळाली आणि निदर्शनं आझाद मैदानातच झाली.

यातून दोन गोष्टी घ्या. अर्ज ज्याच्या नावाने, न्यायालयात जायलाही तोच हवा. आणि नकार कारणासह लेखी मागा. तोंडी नकाराला आव्हान देणं किती कठीण, ते प्रश्न ५ मध्ये आलंच आहे.

८. थेट त्या देशाच्या वकिलातीवर मोर्चा नेला तर?

दारापर्यंत पोचू देणार नाहीत. १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार परदेशी वाणिज्य दूतावासाचं संरक्षण करणं, तिथली शांतता आणि प्रतिष्ठा राखणं ही यजमान देशाची जबाबदारी आहे. ब्रीच कँडीला अमेरिकी वकिलात होती तेव्हाही गर्दी अलीकडेच अडवत, आता ती बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) आहे, तिथे तर अडवायला जागाच जागा आहे. चालतं ते असं: गर्दी मैदानात, आणि दोन-चार जणांचं शिष्टमंडळ आधी वेळ ठरवून निवेदन देऊन येतं. निवेदन घेतलं नाही तर पोस्टाने पाठवा.

२४ फेब्रुवारी १९८९ ला ब्रिटिश कार्यालयाकडे निघालेला मोर्चा अडवला गेला, गोळीबार झाला आणि १२ जण मेले. विषय युद्धाचा नव्हता, एका कादंबरीचा होता. पण या शहरातल्या पोलिसांना वकिलातीकडे निघालेला मोर्चा म्हटलं की अजून ते आठवतं.

९. दुसऱ्या देशाचा झेंडा हातात धरला तर गुन्हा? आणि जाळला तर?

भारताने मान्यता दिलेल्या देशाचा झेंडा धरायला मनाई करणारा कायदा नाही. पॅलेस्टाईनला भारताने १९८८ सालीच मान्यता दिली. तरी २०२४ च्या मोहरममध्ये काही राज्यांत तो झेंडा फडकवला म्हणून गुन्हे दाखल झाले, तेव्हा परवानगीतल्या अटी वाचूनच काय ते ठरवा.

१९७१ चा राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानाचा कायदा फक्त आपल्या ध्वजाला आणि आपल्या मानचिन्हांना लागू आहे. परदेशी झेंडा जाळण्यावर वेगळं कलम नाही, पण आग लावल्याचं आणि आदेश मोडल्याचं कलम आहे. पुतळ्यांचं प्रदर्शन तर पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) मध्ये नाव घेऊनच आलंय. आमचं मत विचाराल तर जाळणं टाळा. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो जाळपोळीचा येतो, मागणी कोणी छापत नाही.

१०. आदल्या रात्री घरी ‘१६८ ची नोटीस’ आली. म्हणजे अटक?

नाही. पूर्वी जिला १४९ ची नोटीस म्हणत, तीच आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ खाली येते. दखलपात्र गुन्हा घडू नये म्हणून दिलेली ती ताकीद आहे. ‘मिळाली’ असं लिहून तारीख-वेळेसह सही करा, मजकूर मान्य असल्याचं लिहू नका, प्रत ठेवून घ्या. घरातले घाबरतात, त्यांना आधीच सांगून ठेवा. आमच्यातल्या एकाच्या आईने नोटीस घेऊन आलेल्या हवालदाराला चहा दिला आणि तासभर मुलाच्या लग्नाचं बोलत बसली.

११. उचललं तर काय करायचं?

हुज्जत घालू नका, कारण विचारा, नाव सांगा. बहुतेक वेळा व्हॅनमधून ठाण्यात नेतात, नावं लिहून घेतात आणि संध्याकाळी सोडतात. रीतसर अटक झाली तर २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावंच लागतं. सूर्यास्त ते सूर्योदय या काळात स्त्रियांना अटक करता येत नाही, अपवादात्मक परिस्थितीत महिला अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घेतली तरच. वकिलाचा नंबर हातावर पेनने लिहून ठेवा, फोन काढून घेतात.

१२. गुन्हा दाखल झाला. आता पासपोर्ट आणि नोकरी गेली का?

परवानगीशिवाय जमल्याबद्दल बहुधा भारतीय न्याय संहितेचं कलम २२३ लागतं, म्हणजे जुनं १८८. शिक्षा साध्या प्रकारात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड. या कलमाची दखल न्यायालय घेतं ते संबंधित सरकारी अधिकाऱ्याच्या लेखी तक्रारीवरच. ती नसेल तर तुमच्या वकिलाने तो मुद्दा घ्यायलाच हवा.

पासपोर्टसाठी अडचण ठरते ती फौजदारी न्यायालयात ‘प्रलंबित’ असलेली कार्यवाही. नुसता एफआयआर म्हणजे प्रलंबित कार्यवाही नव्हे. आरोपपत्राची न्यायालयाने दखल घेतल्यावर मात्र त्या न्यायालयाची परवानगी आणावी लागते, तिच्यावर ठरावीक मुदतीचा पासपोर्ट मिळतो. फॉर्मवर काहीही लपवू नका. लपवण्याचा गुन्हा मूळ गुन्ह्यापेक्षा जड जातो.

१३. मी सरकारी नोकरीत आहे. येऊ का?

केंद्राच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत परकीय राष्ट्रांशी मैत्रीच्या संबंधांना बाधक निदर्शनांत भाग घ्यायला स्पष्ट मनाई आहे. राज्य कर्मचाऱ्यांना १९७९ चे वर्तणूक नियम लागू आहेत. निदर्शनांवर सरसकट बंदी चालणार नाही असं सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये कामेश्वर प्रसाद खटल्यात म्हटलं होतं खरं, पण विभागीय चौकशी झेलण्याची तयारी असेल तरच त्या भरवशावर या. नाहीतर घरचे येतील, तुम्ही फलक रंगवून द्या.

फलकाचं निघालं म्हणून: पावसाळ्यात साधी शाई वापरू नका. एकदा जूनमध्ये ‘युद्ध थांबवा’मधलं ‘थांबवा’ धुऊन गेलं आणि आमचा एक काका तासभर नुसतं ‘युद्ध’ हातात धरून उभा होता.

१४. माझी मैत्रीण परदेशी विद्यार्थिनी आहे. ती येऊ शकते?

न आलेली बरी. कलम १९ फक्त नागरिकांसाठी आहे आणि व्हिसाच्या अटी वेगळ्या. २०१९ मध्ये नागरिकत्व कायद्याच्या आंदोलनात सहभागी झाल्यामुळे चेन्नईत शिकणाऱ्या एका जर्मन विद्यार्थ्याला देश सोडावा लागला.

१५. स्टेटस आणि पोस्टचं काय?

ऑनलाइन मजकुरावरून अटक करू देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच रद्द केलं. त्या लढाईची सुरुवात आपल्या पालघरमधल्या २०१२ च्या दोन मुलींच्या अटकेपासून झाली. मात्र युद्धाच्या निमित्ताने एखाद्या धर्मावर घसरलात तर न्याय संहितेचं द्वेष पसरवण्याबद्दलचं कलम १९६ उभंच आहे. ग्रुप अॅडमिनना दिलासा: सदस्याने काही टाकलं म्हणून, संगनमत नसेल तर, अॅडमिन गुन्हेगार ठरत नाही असं नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलंय.

१६. पैसे जमवू शकतो का, इथल्या खर्चासाठी आणि तिकडच्या मदतीसाठी?

इथल्या खर्चासाठी परदेशी नागरिकाकडून काही घेऊ नका, परकीय अंशदान कायदा आडवा येतो. यात एक फरक आहे. दुबईतला भारतीय पासपोर्टवाला भाऊ बँकेतून स्वतःच्या कमाईचे पैसे पाठवतो तेव्हा ते परकीय अंशदान धरत नाहीत. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेला, ओसीआय कार्डवाला (मूळचा भारतीय, पण परदेशी नागरिक) मामा पाठवतो तेव्हा धरतात. मामा नाराज होतो, इलाज नाही.

तिकडे मदत पाठवायची तर बँकेतूनच, रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली वर्षाला २,५०,००० डॉलरच्या मर्यादेत (ती मर्यादा गाठणारं कोणी अजून आम्हाला भेटलेलं नाही). पैसे शेवटी कोणाच्या हातात पडतात ते तपासा. यूएपीएच्या (बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायद्याच्या) यादीतल्या संघटनेपर्यंत पोचले तर ‘मला माहीत नव्हतं’ सिद्ध करण्यात वर्षं जातील.

१७. आपलंच सैन्य बाहेर गेलं असेल आणि त्याला विरोध असेल तर तो देशद्रोह?

सरकारच्या निर्णयाला विरोध आणि जवानांना विरोध यांत फरक आहे, तो फलकावर दिसला पाहिजे. जुलै १९८७ ते मार्च १९९० भारतीय शांतिसेना श्रीलंकेत होती, सुमारे १,२०० जवान तिथे मारले गेले. देशात त्यावर उघड टीका झाली. शेवटची तुकडी मद्रासला उतरली तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. आजच्या न्याय संहितेच्या कलम १५२ च्या स्पष्टीकरणातही सरकारी उपायांवर कायदेशीर मार्गाने नापसंती व्यक्त करण्याला जागा ठेवली आहे. पण हे कलम अजामीनपात्र आहे, म्हणून मजकूर वकिलाला दाखवूनच छापा. चालू लढाईत सैन्याच्या हालचालींबद्दल तर एक अक्षरही लिहू नका.

१८. आमच्या कार्यक्रमात बाहेरच्यांनी गोंधळ घातला तर जबाबदार कोण?

११ ऑगस्ट २०१२. आसाम आणि म्यानमारमधल्या हिंसाचाराविरुद्ध आझाद मैदानात सभा होती. अंदाजापेक्षा कितीतरी जास्त लोक आले, खोट्या फोटोंनी डोकी आधीच तापलेली होती. वाहिन्यांच्या गाड्या पेटल्या, महिला पोलिसांवर हात टाकला गेला, अमर जवान स्मारक फोडलं, दोघे मेले. त्या दिवसानंतर परदेशी विषयाचा अर्ज पाहिला की ठाण्यात भुवया चढतात, आणि त्याचं कारण हे आहे.

परवानगीवर सही करणारा माणूस हमीपत्रही देतो, त्यामुळे पहिला फोन त्यालाच येतो. २००४ मध्ये उच्च न्यायालयाने आधीच्या वर्षीच्या बंदबद्दल शिवसेना आणि भाजपला प्रत्येकी २० लाख रुपये भरायला लावले. दोन्ही पक्षांना ते परवडलं, तुम्हाला परवडणार नाही. म्हणून दर पन्नास माणसांमागे एक स्वयंसेवक, हाताला पट्टी. संख्या अर्जात खरी लिहा. २०० लिहून २,००० बोलावू नका. संशयास्पद फोटो मंचावरून दाखवू नका. कोणी भलतीच घोषणा दिली तर माइक लगेच बंद करून राष्ट्रगीत सुरू करा. राष्ट्रगीताला सगळे उभे राहतात, घोषणा देणाराही.

१९. तिकडे जाऊन लढायचं असेल तर?

हाही येतो, बहुतेक रात्री दोनच्या सुमारास. भारताशी शांततेचे संबंध असलेल्या परकीय राज्याच्या सरकारविरुद्ध युद्ध पुकारणं हा न्याय संहितेच्या कलम १५३ खाली गुन्हा आहे, शिक्षा जन्मठेपेपर्यंत. जुन्या कायद्यात हे फक्त ‘आशियाई सत्तां’पुरतं होतं, आता कोणताही देश आला. डॉक्टर असाल तर गोष्ट वेगळी. १९३८ मध्ये चीनवर जपानने आक्रमण केलेलं असताना इथल्या केईएमशेजारच्या कॉलेजात शिकलेले सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस मुंबईच्या बंदरातूनच वैद्यकीय पथकाबरोबर बोटीत चढले होते.